‘घरच्या घरी’ केलेल्या अल्बममागचे काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एका पती-पत्नींनी कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीच्या पाठबळाशिवाय काढलेल्या ख्रिस्ती पॉप-रॉक अल्बमचा परिचय आपल्या रविवार पुरवणीतील संगीताच्या पानावर अलीकडेच प्रसिद्ध झाला. या प्रकारच्या संगीताला मराठी वृत्तपत्रांत क्वचितच जागा मिळते. ती यावेळी मिळाली आणि संगीताच्या पानावर मिळाली, याबद्दल प्रथम आभार मानतो. परंतु तो परिचय दोनदा वाचूनही एक गोष्ट मला कळली नाही, आणि ती म्हणजे त्या अल्बममध्ये नेमके कोणी काय केले आहे. दोघांची ओळख कशी झाली, लग्न कधी झाले, गाण्याला बसण्यापूर्वी ते प्रार्थना कशी करतात, मुले झोपल्यावर ध्वनिमुद्रण कसे चालत असे, हे सर्व त्यात सविस्तर आले आहे. गाण्यांच्या वाट्याला मात्र दोन वाक्ये आली असून त्यांतील विशेषणे ‘भावपूर्ण’ आणि ‘ऊर्जादायी’ अशी आहेत. ही विशेषणे उद्या दुसऱ्या कोणत्याही अल्बमला लावली तरी कोणाची हरकत असणार नाही.

संसाराची हकिकत लिहू नये, असे माझे म्हणणे नाही. जोडीने गाणाऱ्यांच्या संगीतात त्यांचे सहजीवन उतरतेच आणि श्रोत्याला त्याविषयी कुतूहल असणे स्वाभाविक आहे. माझा आक्षेप इतकाच, की त्या हकिकतीने श्रेयनामावलीची जागा घेतली. कंपनीने काढलेल्या अल्बमचा परिचय देताना आपले समीक्षक संगीतकार, संयोजक, वादक, ध्वनिमुद्रक यांची नावे कसोशीने देतात. त्यांना ती कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकात तयार मिळतात, हेही एक कारण असेल. स्वतंत्र अल्बमच्या बाबतीत ती मुद्दाम शोधावी लागतात, आणि मग ‘दोघांनी मिळून घरच्या घरी केले’ या एका गोड वाक्यावर काम भागवले जाते.

या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. अल्बम घरात ध्वनिमुद्रित होणे ही एक गोष्ट आणि तो स्वतंत्र असणे ही दुसरी. अमेरिकेतील ओहायो राज्यातील ‘ओव्हर द ऱ्हाइन’ ही कॅरिन बर्गक्विस्ट आणि लिनफर्ड डेटवायलर या पती-पत्नींची जोडी पाहावी. त्यांच्या गाण्यांत श्रद्धेची भाषा जागोजागी येते, मात्र ख्रिस्ती संगीताच्या ठरीव चौकटीत त्यांनी स्वतःला कधी बसवून घेतले नाही. त्यांचा 2005 सालचा अल्बम त्यांच्या राहत्या घराच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रित झाला, पण तो बाजारात आला कंपनीमार्फत. उलट 2011 सालच्या ‘द लाँग सरेंडर’साठी त्यांनी श्रोत्यांकडून आगाऊ पैसे उभे केले, आणि तो ध्वनिमुद्रित झाला निर्माते जो हेन्री यांच्या स्टुडिओत. (तो स्टुडिओही हेन्री यांच्या घरातच होता, म्हणजे घर होतेच, फक्त दुसऱ्याचे!) यांतला कोणता अल्बम स्वतंत्र म्हणायचा, हे भिंती पाहून ठरत नाही. पैसे कोणी घातले, कोणते गाणे ठेवायचे आणि कोणते गाळायचे हे कोणी ठरवले आणि तयार झालेल्या ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाकडे राहिली, यावरून ते ठरते.

मालकीचा मुद्दा थोडा विस्ताराने मांडतो, कारण त्याविना ‘स्वतंत्र’ या शब्दाला वजन येत नाही. कायद्याच्या दृष्टीने गाणे आणि त्याचे ध्वनिमुद्रण या दोन निराळ्या मालमत्ता आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराचा, आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क, म्हणजे ज्याला या व्यवसायात ‘मास्टर’ म्हणतात त्याचा हक्क, बहुधा त्यासाठी पैसे घालणाऱ्याचा. कंपनीशी करार करणारा कलाकार आगाऊ रक्कम घेतो, ती त्याच्या रॉयल्टीतून वळती होत राहते, आणि ती पूर्ण फिटली तरी मास्टर सहसा कंपनीकडेच राहतो. स्वतंत्र अल्बम काढणारे दांपत्य ही आगाऊ रक्कम नाकारते. ते स्वतःची बचत, कर्ज किंवा श्रोत्यांची वर्गणी यांवर काम करते आणि मोबदल्यात मास्टर आपल्याकडे ठेवते. आपल्या परिचयातील जोडप्याने यांपैकी कोणता मार्ग धरला, याचा त्यात उल्लेखच नाही. धाडसाचे कौतुक मात्र भरपूर आहे. धाडस कशात होते हे कळल्याखेरीज ते कौतुक वाचकापर्यंत पोहोचत नाही.

या संदर्भात कीथ ग्रीन आणि मेलडी ग्रीन या दांपत्याचे उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. कीथ हे 1970च्या दशकात ‘स्पॅरो’ या ख्रिस्ती ध्वनिमुद्रण कंपनीचे यशस्वी कलाकार होते आणि त्यांचे 1977 व 1978 सालचे दोन्ही अल्बम तिथूनच आले होते. देवाच्या वचनावरची गाणी पैसे घेऊन विकणे त्यांना पटेनासे झाले, तेव्हा त्यांनी कंपनीकडे करारातून मुक्त करण्याची विनंती केली. कंपनीचे संस्थापक बिली रे हर्न यांनी ती मान्य केली, हेही नोंदवण्याजोगे आहे. मग या पती-पत्नींनी राहते घर गहाण ठेवून 1980 साली पुढचा अल्बम स्वतःच काढला आणि तो टपालाने व कार्यक्रमांच्या ठिकाणी ‘ज्याला जे परवडेल त्या किमतीत’ देऊ केला. ज्याला काहीच परवडत नसेल त्यालाही तो मिळत असे. मे 1982पर्यंत दोन लाखांहून अधिक प्रती रवाना झाल्या होत्या आणि त्यांपैकी 61,000 प्रती विनामूल्य गेल्या होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये टेक्सासमधील विमान अपघातात कीथ आणि त्यांची दोन लहान मुले मृत्युमुखी पडली. कीथ तेव्हा 28 वर्षांचे होते.

ही कथा एवढी हृदयद्रावक आहे, की सांगणारा बहुधा इथेच थांबतो. मला जे सांगायचे आहे ते याच्या थोडे पलीकडे आहे. घर गहाण ठेवून काढलेल्या त्या अल्बममधील एका गाण्यात हार्मोनिका वाजवली आहे बॉब डिलन यांनी. म्हणजे ज्या अल्बमकडे एका दांपत्याच्या त्यागाचे प्रतीक म्हणून पाहिले जाते, त्यातही बाहेरच्या वादकांचा श्वास मिसळलेला आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट मेलडी यांची. कीथ यांच्या आवाजात जगभर पोहोचलेली ‘मेक माय लाइफ अ प्रेअर टू यू’ आणि ‘देअर इज अ रिडीमर’ ही गाणी मेलडी यांनी रचलेली आहेत. यांतले दुसरे गाणे आज कित्येक मंडळींच्या (म्हणजे चर्चच्या) उपासनेत गायले जाते आणि गाणाऱ्यांपैकी अनेक जण ते कीथ ग्रीन यांचे म्हणूनच गातात. मुखपृष्ठावर एकाचे नाव आणि आत दोघांचे काम, असा प्रकार झाला की स्मरणात एकच नाव उरते, आणि ते बहुतेक वेळा पुरुषाचे असते.

मुखपृष्ठावर दोघांचीही नावे असली म्हणून हा प्रश्न सुटतो असे नाही. तो फक्त अधिक सभ्य रूप घेतो. आपल्याच परिचयात पतीचा उल्लेख ‘संगीताची धुरा सांभाळणारा’ असा आहे आणि पत्नीचा ‘मधुर आवाजाची साथ देणारी’ असा. मी त्या अल्बमची श्रेयनामावली वाचली. दहापैकी सहा गाण्यांचे शब्द पत्नीचे आहेत, चार गाण्यांच्या चाली तिच्या आहेत आणि सगळा कीबोर्डही तिनेच वाजवला आहे. पती गिटार वाजवतो, निम्मी गाणी गातो आणि ध्वनिमुद्रणाची तांत्रिक बाजू पाहतो. यात साथ कोण कोणाला देते आहे? गिटार गळ्यात अडकवलेला माणूस संगीतकार आणि ध्वनिक्षेपकासमोर उभी असलेली स्त्री म्हणजे केवळ आवाज, ही समजूत पॉप-रॉकच्या समीक्षेत फार जुनी आहे, आणि तिला खतपाणी आपल्यासारख्या जबाबदार वृत्तपत्राने घालू नये.

हा केवळ मानाचा प्रश्न नाही. पती-पत्नी असले तरी गाण्याच्या नोंदणीत प्रत्येकाचा वाटा स्वतंत्रपणे लिहावा लागतो, आणि गाणे वाजल्यावर रचनाकारांच्या संस्थांकडून येणारा पैसा त्या वाट्यांनुसार वाटला जातो. उपासनेतील गीतांपुरती तर आणखी एक व्यवस्था आहे. सीसीएलआय ही संस्था 1988पासून मंडळींना गीते छापण्याचा आणि पडद्यावर दाखवण्याचा परवाना देते, कोणती गीते वापरली याचा अहवाल घेते आणि त्यानुसार हक्कधारकांना पैसे देते. एखादे गाणे लोकांनी उचलून धरले तर ही मिळकत अल्बमचा बहर ओसरल्यावरही वर्षानुवर्षे येत राहू शकते. ती कोणाच्या नावावर येणार हे मूळ नोंदीवरून ठरते. म्हणून जाणती जोडपी ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीच कागदावर वाटे लिहून घेतात. घरात असा कागद करणे अनेकांना अवघड वाटते, पण नंतरच्या गैरसमजापेक्षा तो अवघडलेपणा कितीतरी स्वस्त पडतो.

आता संगीताविषयी, ज्याची मला परिचयात सर्वांत जास्त उणीव भासली. स्त्री आणि पुरुष अशा दोन गायकांच्या अल्बममध्ये पहिला प्रश्न असतो तो पट्टीचा. पुरुषाच्या आवाजाला जी पट्टी मोकळी पडते तीत स्त्रीने त्याच सप्तकात गायले तर आवाज खर्जात बुडतो, आणि वरच्या सप्तकात गायले तर चाल टिपेला जाऊन कर्कश होण्याचा धोका असतो. एकाच गाण्यात दोघांनाही प्रमुख गायन द्यायचे तर चालच तशी बांधावी लागते: अंतरा एकाच्या सोयीचा, धृपद दुसऱ्याच्या सोयीचे, किंवा मध्येच पट्टी बदलायची, किंवा एकाने चाल धरायची आणि दुसऱ्याने तिच्या वर अथवा खाली स्वरमेळ धरायचा. या अल्बमच्या तिसऱ्या गाण्यात त्यांनी एक देखणी युक्ती केली आहे. पहिल्या कडव्यात पती चाल गातो आणि पत्नी वरच्या स्वरांत स्वरमेळ देते. दुसऱ्या कडव्यात पत्नीचा तोच वरचा स्वरमेळ चाल म्हणून पुढे येतो आणि पतीची मूळ चाल खाली आधाराला जाते. ऐकणाऱ्याला वाटते की गाणे उजळले, पण पट्टी तीच आणि स्वरही तेच आहेत. अशी रचना करायला दोन आवाजांची खोल ओळख लागते. दोघांच्या सहजीवनाबद्दल लिहायचेच होते तर त्याचा सर्वांत भक्कम पुरावा या गाण्यात होता.

उलट सहावे आणि नववे गाणे मला निराश करून गेले. गेली अनेक वर्षे ख्रिस्ती पॉप-रॉकमध्ये एक साचा पक्का होऊन बसला आहे. गिटारचा एकेक स्वर प्रतिध्वनीवर तरंगत येतो, ड्रम हळूहळू जवळ येतात, धृपदाला सगळे एकदम उसळते, मग अचानक शांतता पसरते आणि त्या शांततेतून एकच ओळ पुनःपुन्हा म्हणत शिखराकडे चढाई सुरू होते. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो, हे कबूल. पण शब्द काहीही असोत, पश्चात्तापाचे असोत वा आनंदाचे, चढाई तीच आणि तेवढीच असेल, तर ती भावना शब्दांतून आली की ध्वनीच्या पातळीतून, असा प्रश्न पडतो. कोणत्याही कंपनीचा निर्माता डोक्यावर नसताना या दोघांनी तो साचा का स्वीकारला, हे आपल्या परिचयकर्त्याने त्यांना विचारायला हवे होते. स्वातंत्र्याची परीक्षा अशाच ठिकाणी होते.

असे प्रश्न विचारले जात नाहीत, याचे कारण मला माहीत आहे असे वाटते. श्रद्धेने केलेल्या कामात उणे काढणे असभ्यपणाचे ठरेल, अशी एक भीड समीक्षकाच्या मनात असते, आणि श्रद्धावंत श्रोतेही कधीकधी ती भीड वाढवतात. मी स्वतः या परंपरेतला श्रोता आहे आणि ही भीड मला उपकारक वाटत नाही. 1969 साली लॅरी नॉर्मन यांचा ख्रिस्ती रॉकमधील आरंभीच्या अल्बमांपैकी एक अल्बम कॅपिटल या मोठ्या कंपनीने काढला, तेव्हापासून या संगीतावर दोन्ही बाजूंनी टीका होत आली आहे. चर्चमधील काहींना रॉकचा ठेका खटकला, तर रॉकच्या चाहत्यांना त्यातला येशू. त्या टीकेला तोंड देतच हे संगीत घडले. ज्याला टीका सोसते त्याला परीक्षणही सोसते, आणि ज्याचे परीक्षण होत नाही ते संगीत शेवटी केवळ सद्भावनेच्या खात्यावर जमा होते.

दांपत्याच्या गाण्यांत श्रद्धेच्या अंगाने एक खास गुंता असतो. त्याकडेही लक्ष वेधतो. ख्रिस्ती पॉप गाण्यांतला ‘तू’ कोण, देव की प्रियजन, हा वाद जुना आहे. एमी ग्रँट यांचे ‘बेबी बेबी’ हे गाणे 1991 साली अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ते त्यांनी आपल्या तान्ह्या मुलीवरून लिहिले होते, पण चित्रफितीत त्या एका तरुणासोबत दिसल्यामुळे अनेक धार्मिक श्रोते नाराज झाले. पती-पत्नी समोरासमोर उभे राहून ‘तुझ्यावाचून मी कोण’ असे गातात तेव्हा हा ‘तू’ तीन ठिकाणी फिरतो: पत्नीकडे, पतीकडे आणि देवाकडे. चांगला गीतकार हे फिरणे जाणूनबुजून घडवतो, तर कच्चा गीतकार त्यात हरवतो. या अल्बमच्या सातव्या गाण्यात पत्नीने हे फार संयमाने हाताळले आहे. पहिली दोन कडवी भांडणानंतरच्या अबोल्याविषयी आहेत, आणि क्षमेची मागणी तिसऱ्या कडव्यात कोणाकडे केली आहे हे तिने उघड केलेले नाही. आपल्या परिचयात या गाण्याची संभावना ‘एक प्रेमगीत’ अशी केली आहे.

स्वतंत्र काम म्हणजे एकट्याने केलेले काम नव्हे, हेही या निमित्ताने स्पष्ट व्हावे. 1979 साली टीॲक कंपनीचे पोर्टास्टुडिओ हे यंत्र आले आणि साध्या कॅसेटवर चार पदर (ट्रॅक) वेगवेगळे ध्वनिमुद्रित करता येऊ लागले. तेव्हापासून घरातल्या ध्वनिमुद्रणाची वाट सतत रुंदावत गेली आहे आणि आता संगणकावर पदरांना जवळजवळ मर्यादाच उरलेली नाही. आवाज, गिटार, कीबोर्ड हे सगळे एका खोलीत होऊ शकते. खऱ्या ड्रमचे मात्र तसे नाही. त्यांना जागा हवी, अनेक मायक्रोफोन हवेत आणि शेजाऱ्यांची सहनशक्तीही हवी. म्हणून घरगुती अल्बममध्ये ड्रम एक तर संगणकावर रचलेले असतात किंवा बाहेरच्या वादकाने दुसरीकडे वाजवलेले असतात. तसेच मिक्सिंग (सगळे पदर योग्य प्रमाणात एकत्र करणे) आणि मास्टरिंग (तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवणे) शहाणी माणसे शक्यतो परक्या कानांकडे सोपवतात, कारण महिनोन्महिने तेच गाणे ऐकलेल्या कानांना आवाज खाली दबला आहे की नाही हे कळेनासे होते. जोडप्याच्या बाबतीत तर आणखी एक अडचण असते. कोणाचा आवाज किती वर ठेवायचा, हा निर्णय नवरा-बायकोपैकी एकाने दुसऱ्याच्या वतीने घेणे फारसे सुखाचे नसते! या अल्बममध्ये ड्रम खरे आहेत, ते वाजवणाऱ्याचे आणि मिक्सिंग करणारीचे अशी दोन्ही नावे श्रेयनामावलीत आहेत, आणि परिचयात दोन्ही नाहीत.

शेवटी एक वस्तुस्थितीची चूक. पाचव्या गाण्याबद्दल ‘दोघांनी रचलेली ही प्रार्थना’ असे छापले आहे. ते गाणे एक जुने इंग्रजी स्तोत्र आहे. दांपत्याने त्याला नवी चाल आणि एक नवे धृपद दिले आहे, आणि हे त्यांनी श्रेयनामावलीत प्रामाणिकपणे नोंदवले आहे. स्तोत्रांच्या परंपरेत शब्द आणि चाल यांची अशी नवी सोयरीक होणे नेहमीचेच आहे. ‘ॲमेझिंग ग्रेस’चे शब्द जॉन न्यूटन यांचे, 1779 साली छापलेले. आज सर्वत्र गायल्या जाणाऱ्या चालीशी त्यांची गाठ पडली ती 1835 साली विल्यम वॉकर यांच्या संग्रहात. अशा गाण्यात नवे काय आणि जुने काय हे सांगितले तरच नव्या चालीचे मोल कळते. न सांगितल्यास मूळ कवीवर अन्याय होतो आणि त्या दोघांवरही, कारण जी फसवणूक त्यांनी केलेली नाही तिचा आळ उद्या एखादा जाणकार त्यांच्यावर घेईल.

तेव्हा विनंती अशी, की येत्या रविवारी त्याच पानावर लहानसा खुलासा छापून पाचव्या गाण्याच्या मूळ कवीचे नाव, ड्रमवादकाचे व मिक्सिंग करणारीचे नाव आणि गाणीनिहाय गीतकार-संगीतकारांची नावे द्यावीत. श्रेयनामावलीची प्रत या पत्रासोबत जोडली आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक